हाकोनेचं ऱ्योकान की कोयासानचा मठ?

मावशी-काका जपानला निघालेत. एक रात्र अस्सल जपानी थाटात काढायची, पण कुठे? गरम झऱ्यांच्या हाकोनेतल्या ऱ्योकानमध्ये (पारंपरिक जपानी सराय) की डोंगरावरच्या कोयासानच्या शुकुबोत (बौद्ध मठातलं अतिथिगृह), यावर घोडं अडलंय.

पैशात फरक मोठा. चांगल्या ऱ्योकानला माणशी ५० हजार येन सहज लागतात, शुकुबो बरंच स्वस्त. दोन्हीकडे दोन वेळचं जेवण बहुधा भाड्यातच येतं.

खरी मेख जेवणात आहे. ऱ्योकानचं काइसेकी, म्हणजे अनेक पदार्थांचं पारंपरिक जेवण, देखणं असतं, एकेक वाटी ऋतू बघून मांडलेली. पण दाशी (स्वयंपाकाचं मूळ सार) सहसा सुकवलेल्या माशाची, त्यामुळे साध्या उकडलेल्या मुळ्यातही मासा असतो! शाकाहारी असाल तर बुकिंगच्या आधीच विचारा. कोयासानला हा प्रश्नच नाही. शोजिन ऱ्योरीत (मठातलं शाकाहारी जेवण) मासे-मांस तर नाहीच, कांदा-लसूणही नाही. रस्सा कोम्बू (समुद्री शेवाळ) आणि शिताके मशरूमचा. तिळाचं टोफूसारखं मऊ गोमा-दोफू तोंडात विरघळतं.

आराम मात्र ऱ्योकानचाच. खोलीलाच गरम पाण्याचं कुंड मिळू शकतं. मठात स्नानगृह बहुतेक सामायिक, आणि सगळ्यांसमोर विवस्त्र उतरायचं. पहाटेच्या प्रार्थनेला मांडी घालून बसायचं (काकांचे गुडघे!). झोप दोन्हीकडे बहुतेकदा तातामीवरच्या (गवती चटई) गादीवर.

हाकोने टोकियोहून दीड तासात. कोयासानला ओसाकाहून ट्रेन, मग केबल कार, मग बस.

निवांत डुंबायचं असेल आणि मासे चालत असतील तर हाकोने. शाकाहारी असाल, ओकुनोइन या तिथल्या जुन्या दफनभूमीतल्या उंच सुगी वृक्षांतून चालायची हौस असेल, तर कोयासान.