टंगस्टनचा शोध: चर खोदायचा की ड्रिलिंग करायचं?

जमिनीवर टंगस्टनची शीर सापडली की खर्चाचा पहिला प्रश्न हाच असतो.

चर स्वस्त पडतो आणि लवकर होतो. शिरेची जाडी, दिशा डोळ्यांनी दिसते आणि आडवी खाच पाडून भरपूर वजनाचा नमुना घेता येतो. हे वजन महत्त्वाचं आहे. क्वार्ट्झच्या शिरेत वुल्फ्रमाइट (टंगस्टनचं काळं खनिज) एकसारखं पसरलेलं नसतं: इथे मुठीएवढा काळा स्फटिक, तर पुढे दोन मीटर नुसता पांढरा क्वार्ट्झ. ड्रिलिंगमधून निघणारा ६३.५ मिमी व्यासाचा गाभा (खडकाचा दंडगोल; या मापाला एचक्यू म्हणतात) त्या स्फटिकाला चुकवून गेला, तर चांगली शीर कागदावर नापास होते. म्हणून शिरांच्या साठ्यात मी आधी चराच्या बाजूने.

स्कार्न म्हणजे ग्रॅनाइटच्या उष्णतेने आणि द्रवांनी बदललेला चुनखडीसारखा खडक; त्यातल्या शीलाइटचं (टंगस्टनचं दुसरं खनिज) गणित वेगळं. ते बहुधा बारीक आणि विखुरलेलं असतं, शिवाय ग्रॅनाइटच्या कडेने खोल उतरतं. तिथे चर फक्त वरचा पापुद्रा दाखवतो, ड्रिलिंगच हवं. गाभा अंधारात नेऊन २५४ नॅनोमीटरचा अतिनील दिवा धरला की शीलाइट निळसर-पांढरं उजळतं, मॉलिब्डेनम असेल तर पिवळट. नमुना कुठून कुठवर कापायचा ते तिथेच ठरतं. (वुल्फ्रमाइट मात्र चमकत नाही, तेव्हा गाभ्याची न उजळलेली पेटी लगेच बाजूला सारू नका.) चमक पाहून टक्केवारी लिहू नये. नमुना फ्यूजन करूनच (रसायनासोबत वितळवून) तपासून घ्यावा. नेहमीच्या आम्लांत टंगस्टन पूर्ण विरघळत नाही.