तोरणा रंगवायचाय: जलरंग की ॲक्रिलिक?

“मामा, कुठले रंग घेऊ?” भाचीला राजगडावरून दिसणारा तोरणा रंगवायचाय.

खर्चाचं म्हणशील तर जलरंग पुरवून वापरता येतात, पण कागदात कंजुषी नको. ३०० जीएसएमपेक्षा (म्हणजे दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनापेक्षा) पातळ कागद पाण्याने पापडासारखा फुगतो. ॲक्रिलिकच्या ट्यूबा भराभर संपतात.

खरा फरक धुक्यात कळतो. ओल्या कागदावर फिकट निळा सोडला की लांबची डोंगररांग आपोआप विरघळते. ॲक्रिलिक तेवढ्यात वाळतं, कडा तशाच राहतात. पण कातळ चुकला तर त्यावर पुन्हा रंगवता येतं. जलरंगात ढगांसाठी पांढरा कागद आधीच राखावा लागतो. (माझे दोन ढग असेच बुडाले.) शिवाय चित्राला काचेची फ्रेम लागते.

गडावर बसून तासाभरात चित्र काढायचं तर जलरंग. घरी चुकतमाकत शिकायचं तर ॲक्रिलिक. तुला अजून शिकायचंय, म्हणून तू ॲक्रिलिकच घे.