आमचं लेबल, दुसऱ्याचा पाक

गेल्या दिवाळीच्या आधी वाईच्या एका जुन्या गिऱ्हाईक बाईंचा फोन आला. "यंदा मधाला नेहमीचा वास नाही हो. आबांची तब्येत बरी आहे ना?" मी म्हटलं, तुम्ही तर यंदा मध नेलाच नाही. त्या म्हणाल्या, भाचीने पुण्याहून आणला, लेबल तुमचंच आहे.

चार दिवसांनी त्या बाटली घेऊन घरी आल्या. लेबल खरंच आमचं. गावाचं नाव, आबांचं नाव, खाली आमचा चौदा आकडी नोंदणी नंबर. आत मात्र फिकट पिवळं, काचेसारखं काहीतरी. आमचा उन्हाळ्यातला मध जांभूळ-हिरड्याचा, रंगाने काळपट, गिळल्यावर जिभेवर जरासा कडवटपणा ठेवणारा. ह्यात नुसता गोडवा होता. आबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, बोटावर घेऊन चाखलं आणि चूळ भरायला उठून गेले. परत येऊन बाटली फिरवली आणि बॅच नंबरच्या जागेवर नख टेकवलं. जागा कोरी होती. आमच्या घरातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक बाटलीवर तो नंबर आणि काढणीची तारीख आबा स्वतः पेनाने लिहितात.

तेव्हा मला मे महिना आठवला.

आम्ही जावळी तालुक्यातले. सातेरीच्या 35 पेट्या आहेत. ही आपली देशी माशी, पेटीमागे वर्षाला पाच-सहा किलो मध देते; वळीव लवकर आला तर तेवढाही नाही. महाबळेश्वरजवळचं मांघर 2022 मध्ये देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर झालं, त्यानंतर आमच्या बाजूलाही मध विचारत येणारी माणसं वाढली. मे महिन्यात आमच्याकडे मध घ्यायला आलेला गृहस्थ त्यातलाच. पण त्याचं बोलणं माहितगाराचं होतं. आल्या आल्या विचारलं, "ताई, मध मधकोठीतलाच ना? पिल्लाव्याच्या चौकटी पिळत नाही ना?" मधकोठी म्हणजे पेटीतला वरचा, नुसता मध साठण्याचा कप्पा; पिल्लावा म्हणजे खालचा, अंडी-पिल्लांचा. ज्याला हे विचारायचं सुचतं तो माणूस मधाची कदर करणारा, असं आम्हाला वाटलं. आम्ही फसलो ते इथेच.

पहिल्यांदा त्याने 20 किलो नेला, रोख पैसे दिले. पंधरा दिवसांनी 40 किलो, पैसे तिथल्या तिथे फोनवरून. तिसऱ्यांदा 90 किलो, 550 रुपयांनी. त्या वर्षी घरात उरलेला जवळजवळ सगळा मध. म्हणाला, "काचेच्या बाटल्या घाटात फुटतात. सुट्टा डब्यातच द्या, मी पुण्यात भरतो. फक्त लेबलं द्या, लोकांना गावाचं नाव बघायचं असतं." मी कपाटातून 400 लेबलांचा गठ्ठा काढून दिला. 90 किलोच्या अर्ध्या किलोच्या बाटल्या होतात 180. उरलेली 220 लेबलं कशाला लागणार, हे गणित मी त्या दिवशी केलं नाही.

पैशांचा 49,500 चा चेक दिला. आठ दिवसांनी फोन आला, "ताई, एवढ्यात टाकू नका, पार्टीकडून यायचेत." मग दर आठवड्याला फोन, दर वेळी आबांची चौकशी, दर वेळी नवं कारण. मला वाटायचं, फोन करतो म्हणजे पळणारा नाही. तो खरं तर दिवस मोजत होता. चेक त्यावरच्या तारखेपासून तीनच महिने चालतो. मुदतीत बँकेत टाकला असता आणि न वटता परत आला असता, तर बँकेचा मेमो हातात आल्यापासून 30 दिवसांत नोटीस देऊन चेक न वटल्याबद्दलच्या कलम 138 खाली केस करता आली असती. मी टाकला तेव्हा मुदत संपून गेली होती. त्यानंतर त्याचा फोन कधीच लागला नाही. पोलीस ठाण्यात गेलो तर म्हणाले, पैशाचं प्रकरण दिवाणी आहे, लेखी काय आहे? आमच्याकडे व्हॉट्सअॅपवरचे चार निरोप होते. कुणी थांबवायला सांगितलं तर थांबू नका हो, चेक आधी बँकेत टाका.

पैसे गेले ते गेले. लेबलांचं तसं नाही. त्यावर नोंदणी नंबर आमचा आहे, म्हणजे आत साखरेचा पाक निघाला तर तपासणीवाले आमच्याच दारात येणार. म्हणून आम्ही अन्न व औषध प्रशासनाला लेखी कळवलं, ठाण्यात लेबलांच्या गैरवापराचा वेगळा अर्ज दिला आणि दोन्हीकडची पोच जपून ठेवली आहे. हे मात्र मे महिन्यातच, देताना, कागदावर करून घ्यायला हवं होतं: किती लेबलं, कुठल्या बॅचसाठी, उरलेली परत कधी.

घरी ओळखता येईल का, असं बरेच जण विचारतात. पाण्यात थेंब सोडणं, वात बुडवून पेटवणं ह्यांवर भरवसा ठेवू नका. सातेरीच्या मधात मुळात पाणी जास्त, तो पातळच असतो. आणि थंडीत गोठला म्हणून मध खोटा ठरत नाही. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने 2020 मध्ये 13 ब्रँडचे नमुने तपासले, त्यातले 10 ब्रँड जर्मनीतल्या, भेसळ पकडणाऱ्या एनएमआर चाचणीत नापास झाले. नेहमीच्या चाचण्या चुकवतील असे पाकच बाजारात मिळतात. तिथे आपली काडेपेटी काय करणार?

गावातल्याच एकाने मागून म्हटलं, ह्यांच्याकडे साखरेची पोती येतातच की. येतात. पावसाळ्यात फुलोरा नसतो, तेव्हा माशा उपाशी मरू नयेत म्हणून पाक द्यावा लागतो, आणि त्या दिवसांत मध काढत नाहीत. चाळीस वर्षं माशांबरोबर काढलेल्या माणसाला हे अंगणात उभं राहून समजावून सांगावं लागलं. आबांचा आवाज तेव्हा कापत होता.

वाईच्या बाईंनी नंतर पेट्या बघितल्या, दोन किलो मध नेला. त्यांच्या भाचीने ती बाटली ज्या दुकानातून घेतली होती, तिथे बिल मिळालं नव्हतं.

शिल्लक राहिलेली जुनी लेबलं आम्ही चुलीत घातली. नवं लेबल पिवळं आहे. जुन्या हिरव्या लेबलाची, बॅचची जागा कोरी असलेली बाटली कुठे दिसली तर ती आमची नाही. घेऊ नका, दुकानदाराकडे बिल मागा आणि बाटलीचा फोटो काढून ठेवा.