स्टार की हॅरिस? टेक्ससच्या दोन काउंट्या

टेक्ससमधे हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिशभाषक देशांत मुळं असलेले लोक कुठे जास्त, तर टक्केवारी बघितली की स्टार काउंटीला (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखं) तोड नाही, २०२० च्या जनगणनेत ९५ टक्क्यांच्या वर! पण एकूण माणसं जेमतेम ६६ हजार. उलट ह्यूस्टनवाल्या हॅरिसमधे ४३ टक्केच, पण आकडा २० लाखांच्या आसपास, म्हणजे अशी तीसेक स्टार त्यात मावतील.

स्टारमधलं रोमा गाव रिओ ग्रांदेच्या काठावर, पलीकडे लगेच मेक्सिको, आणि तिथली काही घराणी १८४८ ला नदी बॉर्डर ठरली त्याच्याही आधीची, म्हणजे त्यांना स्थलांतरित कसं म्हणायचं? हॅरिसमधे मेक्सिकन आहेतच, शिवाय साल्वादोर, होंडुरासचेही भरपूर, ह्यूस्टनच्या गल्फ्टन भागात पुपुसा (साल्वादोरची सारण भरलेली जाड मक्याची भाकरी) सहज मिळतो. नुसता टक्केवारीचा नकाशा बघाल तर ह्यूस्टन फिकंच दिसेल, मला तर आकड्यांचाच बरा वाटतो.