वाचनालयाच्या बालविभागातून मुलांसाठी काय आणावं? आमच्या इथला अनुभव आणि वयाप्रमाणे पुस्तकं

मे महिना आला की चाकरमानी मंडळी पोरांना घेऊन गावी येतात आणि दोन दिवसांत आंबे, समुद्र सगळं करून झालं की पोरं मोबाईल धरून पडवीत बसतात, मग मला हमखास विचारणा होते की अगं तुझी मुलं वाचतात ना, काय देतेस त्यांना? म्हणून हे एकदा नीट लिहून काढते. आमचं वाचनालय सिंधुदुर्गातल्या एका तालुक्याच्या गावात, बाजारपेठेत, वर कौलं आणि आत लाकडी कपाटं असं जुन्या पद्धतीचं. कोकणात अशी वाचनालयं बरीच आहेत आणि ती आजकालची नाहीत, रत्नागिरीचं नगर वाचनालय 1828 सालचं आहे, चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर 1864 चं. म्हणजे तुमच्या गावापासून फार लांब नसलेलं एखादं असणारच, आधी तिथे जाऊन बघा, मग ऑनलाईन ऑर्डर करा.

सगळ्यात आधी माझं ठाम मत. लहान मुलांसाठी वाचनालय हे विकत घेण्यापेक्षा चांगलं, आणि ते फक्त पैशासाठी नाही. वाचनालयाचं पुस्तक अर्धवट सोडता येतं. तीनशे रुपये देऊन आणलेलं पुस्तक मुलाने चार पानांवर टाकून दिलं की आपण मागे लागतो, पूर्ण कर पूर्ण कर, आणि तिथेच वाचनाचा अभ्यास होतो. वाचनालयाचं नाही आवडलं तर शनिवारी बदलून आणायचं, विषय संपला. आमची धाकटी एकेक पुस्तक दोन मिनिटांत नापास करते आणि मी तिला करू देते, कारण त्यातूनच तिला काय आवडतं ते तिला स्वतःला कळायला लागलंय.

आता पुस्तकं.

अगदी छोटी, म्हणजे तीन ते सहा वर्षांची. इथे डोळे झाकून माधुरी पुरंदरे. त्या लिहितात पण आणि चित्रंही स्वतःच काढतात, त्यामुळे चित्र एक सांगतंय आणि मजकूर दुसरंच असं कधी होत नाही. ‘राधाचं घर’ हा छोट्या पुस्तकांचा संच आहे, राधा आपल्या घरातल्या माणसांबद्दल सांगते, बस एवढंच, ना राक्षस ना तात्पर्य, पण मूल लगेच स्वतःच्या आजीबद्दल बोलायला लागतं. नंतर यशची पुस्तकं, ‘हात मोडला’, ‘कंटाळा’ वगैरे. यश हा खराखुरा मुलगा वाटतो, तो रुसतो, कंटाळतो, घाबरतो आणि त्यासाठी त्याला कोणी शिक्षा करत नाही की शेवटी शहाणा करून सोडत नाही. मुलांची बहुतेक पुस्तकं मुलांना सुधारायला निघालेली असतात, ही तशी नाहीत, म्हणून पोरं ती पुन्हा पुन्हा मागतात. माधुरी पुरंदरेंना साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळालाय 2014 मध्ये, ते योग्यच झालं. तुमच्या वाचनालयात नसतील तर मागणी करा, ज्योत्स्ना प्रकाशनाची आहेत, सहज मिळतात.

याच वयाला कविता मोठ्याने वाचून दाखवा आणि त्यासाठी आपल्याला लांब जायची गरजच नाही. विंदा करंदीकर देवगड तालुक्यातले, मंगेश पाडगावकर वेंगुर्ल्याचे, दोघेही आपल्या लाल मातीतले आणि दोघांनीही मुलांसाठी मनापासून लिहिलंय. पाडगावकरांचं ‘वेडं कोकरू’, ‘सुट्टी एके सुट्टी’, आणि विंदांचं ‘राणीची बाग’, ‘एकदा काय झाले’. विंदांना ज्ञानपीठ मिळालं ते सगळ्यांना माहीत असतं, पण त्यांची बालकविता घरात किती जणांकडे आहे? आमच्याकडे सगळ्यात हिट ‘पिशीमावशी आणि तिची भुतावळ’. कोकणातल्या पोरांना भुतं नवीन नाहीत, देवचार आणि वेताळ ऐकतच ती मोठी होतात, पण इथली भुतं हसवतात. पावसात लाईट गेली की मेणबत्ती लावून हेच वाचायचं असा आमच्याकडे नियमच झालाय, आणि धाकटीला आता बरंचसं पाठ आहे, मी एखादी ओळ चुकले की लगेच टोकते.

सहा ते आठ हे वय जरा नाजूक, मूल स्वतः वाचायला लागलेलं असतं पण दम लागतो. इथे पालक एक गोष्ट हमखास करतात, आता वाचता येतं ना मग चित्रांची पुस्तकं बंद. असं अजिबात करू नका. चित्रांची पुस्तकं चालू ठेवा आणि रात्री वाचून दाखवणंही चालू ठेवा, पार पाचवी-सहावीपर्यंत, कारण मुलाची ऐकून समजण्याची ताकद स्वतः वाचण्याच्या कितीतरी पुढे असते. प्रथम बुक्सची पातळ पुस्तकं या वयाला फार कामाची, त्यावर पातळी 1 ते 4 छापलेली असते त्यामुळे निवडायला सोपं पडतं आणि किंमतही कमी. इंग्रजी मीडियमच्या मुलांना, ज्यांचं मराठी वाचन मागे पडलंय, त्यांना वरच्या इयत्तेत असली तरी पातळी 2 पासून द्या, गोष्टी चांगल्या आहेत, त्यांना कमीपणा वाटत नाही. यांचीच स्टोरीवीव्हर म्हणून वेबसाईट आहे, तिथे मराठीतली पुस्तकं मोबाईलवर फुकट वाचता येतात, मोबाईल हातात असणारच असेल तर निदान हे.

पुस्तक झेपेल की नाही ते बघायची एक सोपी युक्ती, मधलं कुठलंही पान उघडून मुलाला वाचायला सांगायचं आणि अडलेल्या शब्दाला एक बोट मिटायचं. एका पानात पाचही बोटं मिटली तर ते पुस्तक सध्या तुम्ही वाचून दाखवायचं, त्याने ऐकायचं.

आता माझं सगळ्यात लाडकं वय, नऊ ते तेरा. इथे मुलं एकतर वाचनवेडी होतात नाहीतर कायमची सुटतात.

सुरुवात फास्टर फेणेने करा, भा. रा. भागवतांचा. फुरसुंगीचा बनेश फेणे, किडकिडीत, सायकलवर सुसाट, पुण्याच्या विद्याभवनात शिकणारा आणि तोंडाने ‘ट्टॉक’ करणारा. पिक्चर बघितलेल्या मुलांना आधी सांगा की पुस्तकातला फाफे शाळकरी आहे, पिक्चरमधल्यासारखा मोठा नाही. मालिका असल्याचा फायदा असा की एक आवडलं की पुढचा महिनाभर काय आणायचं हा प्रश्नच राहत नाही. आमचा मोठा सहावीत आहे, त्याने कपाटातले होते तेवढे सगळे संपवले. त्यात तार येते, ट्रंककॉल लागतो, या गोष्टी विचारायला तो आजोबांकडे जायचा आणि मग आजोबांची टेप सुरू व्हायची, हा भाग मला फार आवडला. त्याच्याच जोडीला ना. धों. ताम्हणकरांचा ‘गोट्या’ आणि दिलीप प्रभावळकरांचा ‘बोक्या सातबंडे’. बोक्या जास्त जवळचा वाटतो हल्लीच्या पोरांना, गोट्याची भाषा जुनी आहे, थोडा वेळ द्यावा लागतो.

‘तोत्तोचान’बद्दल मात्र जरा जास्त लिहिणार. तेत्सुको कुरोयानागीचं जपानी पुस्तक, मराठीत नॅशनल बुक ट्रस्टने काढलंय, स्वस्त आहे आणि बहुतेक वाचनालयांत असतं पण ते मोठ्यांच्या कपाटात जाऊन बसतं कारण शिक्षक लोक ते शिक्षणावरचं म्हणून नेतात. मागून घ्या. एका शाळेतून काढून टाकलेली लहानशी मुलगी, आणि तिची नवी शाळा भरते ती रेल्वेच्या जुन्या डब्यांत. तिथले मुख्याध्यापक पहिल्याच दिवशी तिचं बोलणं ती थांबेपर्यंत ऐकून घेतात, तासन्‌तास. आणि त्यांनी जेवणाच्या डब्याचा नियम काय केलाय, तर डब्यात थोडं समुद्रातलं आणि थोडं डोंगरातलं हवं! हे वाचताना मी थांबले आणि मुलांना विचारलं की सांगा आपल्या डब्यात काय काय, मग काय विचारता, सुकट समुद्रातली, फणसाची भाजी डोंगरातली, सोलकढी कुठे टाकायची यावर अर्धा तास भांडण. किनाऱ्यावरच्या मुलाला हे पुस्तक जेवढं लागू पडतं तेवढं शहरातल्या मुलाला पडेल असं मला वाटत नाही. शेवटी युद्धात बॉम्बहल्ल्यात शाळा जळते, तो भाग हळव्या मुलांना सोबत बसून वाचायला द्या.

‘श्यामची आई’ आपल्याच दापोली तालुक्यातल्या पालगडची, साने गुरुजींनी 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहिलेली. बक्षीस समारंभात ती प्रत्येक मुलाला देतात आणि बरीचशी मुलं ती उघडतच नाहीत, कारण एकदम वाचायला बसलं की रडू आणि उपदेश फार वाटतो. ती रात्रींमध्येच विभागलेली आहे, तर तशीच वाचा, एका रात्री एक, मोठ्याने. ‘पत्रावळ’ नावाचं प्रकरण आधी घ्या, श्यामला पत्रावळ लावता येत नाही तिथून ते सुरू होतं, आणि इथल्या मुलांना पत्रावळ म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही, लगेच जुळतं.

अकरा-बारानंतर वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’. गुलामीत जन्मलेला मुलगा शेतीशास्त्रज्ञ होतो आणि भुईमुगापासून काय काय बनवून दाखवतो, ज्या घरात काजू-आंब्याच्या कलमांची, खतांची चर्चा रोज चालते तिथल्या मुलाला हे कंटाळवाणं होऊच शकत नाही. मुलींना आणि मुलांनाही शांता शेळक्यांनी मराठीत आणलेलं ‘चौघीजणी’ द्या. हॅरी पॉटरही मराठीत आहे, पहिला भाग ‘हॅरी पॉटर आणि परीस’, जाड आहे म्हणून घाबरू नका, तेवढं जाड पुस्तक संपवल्याचा मुलांना जो अभिमान वाटतो तो बघण्यासारखा असतो. गोष्टी न आवडणारी मुलं असतात, त्यांना पक्षी, मासे, क्रिकेट, प्रयोग असली माहितीची पुस्तकं द्या, आणि कॉमिक्स. तेही वाचनच आहे. ‘किशोर’ मासिक तर हवंच, बालभारतीचं, 1971 पासून निघतंय आणि जुने अंक त्यांनी ऑनलाईन फुकट ठेवलेत.

आता आमच्या वाचनालयाबद्दल. चांगलं ते आधी. ग्रंथपाल काकी. मुलगी कपाटासमोर घुटमळली की म्हणतात, ‘तुका होया ता घे गो बाय’, आणि खरंच कितीही वेळ बसू देतात. पान फाटलं तर ओरडत नाहीत, घरून चिकटवून आणू नका इथे आणा म्हणतात, कारण साध्या सेलोटेपने पुढे कागद पिवळा पडतो. पावसाळ्यात बुरशी येऊ नये म्हणून पुस्तकं अधूनमधून बाहेर काढून पुसतात, हे काम किती मोठं आहे ते कोकणात राहणाऱ्यालाच कळेल. चिपळूणच्या वाचन मंदिराने तर 2005 आणि 2021 असे दोन पूर सोसलेत, आपल्याकडे पुस्तकं टिकवणं हेच मुळात कष्टाचं काम.

पण दोन गोष्टी बदलायलाच हव्यात. एक म्हणजे बाइंडिंग. नवीन पुस्तक आलं की त्याला जाड पुठ्ठा आणि रेक्झिन चढतं, आणि मुखपृष्ठ कायमचं गायब. पुस्तक टिकतं हे मान्य, पण न वाचता येणारं चार वर्षांचं मूल पुस्तक निवडतं ते चित्र बघून, त्याच्यासमोर एकसारख्या काळ्या पुठ्ठ्यांची रांग ठेवली तर ते काय निवडणार? मुखपृष्ठाची रंगीत झेरॉक्स वरून चिकटवली तरी चालेल, मी कमिटीला लिहून दिलंय. दुसरं, पुस्तकं दाखल नंबरप्रमाणे, म्हणजे आली त्या क्रमाने, लावलेली आहेत, त्यामुळे बडबडगीतांच्या शेजारी शिवचरित्र. वयाप्रमाणे तीन खण केले तरी निम्मा त्रास वाचेल, आणि छोट्यांचा खण खाली, त्यांच्या हाताला लागेल असा, कुलपाशिवाय. तुमच्याकडेही असंच असेल तर सांगा त्यांना, पालकांनी मागितलं की करतात. वाचनालयात मागणीची वही असते, तिच्यात पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशन नीट लिहा, नुसतं ‘मुलांची पुस्तकं आणा’ लिहून काही येत नाही. वाढदिवसाला खेळण्याऐवजी वाचनालयाला एखादं पुस्तक भेट दिलंत तर मुलाचं नाव आत लिहितात, आमच्या धाकटीला त्याचं फार अप्रूप, आपलं पुस्तक कोण घेऊन गेलं ते ती काकींना दर वेळी विचारते.

मुलांची वर्गणी बहुतेक ठिकाणी अगदी किरकोळ असते, सुरुवातीला अनामत भरावी लागते आणि सभासदत्व सोडताना ती परत मिळते, पावती जपून ठेवा. फक्त सुट्टीपुरतं गावी येणार असाल तर आजी-आजोबांच्या नावावर कार्ड काढा, मे महिना आणि गणपती दोन्ही वेळा उपयोगी पडतं. जाण्याआधी वेळ विचारून घ्या, बऱ्याच ठिकाणी दुपारी बंद असतं.