तळटिपांवरून दफ्तराकडे : पुण्याच्या जुन्या गॅझेटिअरचे परीक्षण

पुणे शहराच्या किंवा जिल्ह्याच्या इतिहासावर काम करू पाहणाऱ्याच्या हाती बहुधा सर्वांत आधी येतो तो मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा, म्हणजे जिल्हावार सरकारी माहितीग्रंथांच्या मालिकेचा, पुण्यावरील अठरावा खंड. जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादनाखाली तो १८८५ मध्ये तीन भागांत प्रसिद्ध झाला. आज महाराष्ट्र शासनाच्या दर्शनिका विभागाच्या संकेतस्थळावर तो विनामूल्य उपलब्ध आहे आणि मूळ छपाईच्या पानांच्या प्रतिमा इंटरनेट अर्काइव्हवरही पाहायला मिळतात. पुण्यावरील लेखांत, स्मरणिकांत आणि प्रबंधांत त्यातले उतारे सतत भेटतात, पण त्या उताऱ्यांच्या खाली बारीक टायपात जे छापले आहे त्याकडे फार थोड्यांचे लक्ष जाते. संशोधनाचे साधन म्हणून हा ग्रंथ कितपत उपयोगी पडतो, एवढ्याच दृष्टीने मी त्याचे परीक्षण करतो आहे. माझे मत असे की, त्याचे खरे मोल तळटिपांत आहे आणि त्या तळटिपा वाचणाऱ्याला दफ्तरखान्यापर्यंत नेतात तेव्हाच हा ग्रंथ पूर्णपणे वापरला गेला असे म्हणता येईल.

ग्रंथाची मांडणी इलाख्याच्या सर्व जिल्ह्यांसाठी ठरवलेल्या साच्यातली आहे. जमीन, डोंगर, नद्या आणि हवामान यांपासून सुरुवात होते. मग लोकसंख्या, शेती, भांडवल, व्यापार, इतिहास, जमीनमहसूल, न्याय, शिक्षण आणि आरोग्य अशी प्रकरणे येतात आणि शेवटी तालुके व प्रेक्षणीय स्थळे यांची माहिती आहे. हा साचा कंटाळवाणा वाटला तरी त्याचा एक मोठा लाभ आहे. पुण्याच्या व्यापाराचे प्रकरण वाचून झाल्यावर नाशिकच्या (खंड १६, १८८३) किंवा सोलापूरच्या (खंड २०, १८८४) त्याच प्रकरणाकडे वळता येते आणि प्रदेशाप्रदेशांतील तुलना एकाच काळातील, एकाच पद्धतीने गोळा केलेल्या माहितीवर करता येते. प्रादेशिक अभ्यासासाठी असा समान पाया एकोणिसाव्या शतकातील दुसऱ्या एखाद्या छापील मालिकेत मिळणे कठीण आहे.

शहराच्या अभ्यासकाला सर्वांत उपयोगी आहे तो तिसरा भाग. स्थळवर्णनात पुणे शहराला जेवढी जागा दिली आहे तेवढ्यात एक स्वतंत्र पुस्तक झाले असते. शहराच्या अठरा पेठांची एकेक करून ओळख आहे, त्यांची जुनी नावे दिलेली आहेत आणि बहुतेक ठिकाणी पेठ कोणी वसवली हेही सांगितलेले आहे. रविवार पेठेचे मूळ नाव मलकापूर, सोमवारचे शहापूर, बुधवारचे मोहियाबाद, शुक्रवारचे विसापूर आणि ती जिवाजीपंत खासगीवाल्यांनी वसवली, ही माहिती आज सर्वत्र दिसते, पण ती सर्वत्र दिसते याचे एक मोठे कारण हा ग्रंथच आहे. कात्रजहून आलेला पेशवेकालीन पाण्याचा नळ, खडकवासल्याचा तलाव, नगरपालिकेचा कारभार, बाजार, घाट, पूल आणि देवळे यांची वर्णने १८८५ च्या सुमारास शहर कसे दिसत होते ते नेमकेपणाने सांगतात. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतच्या पुरात नदीकाठच्या पेठांमधील असंख्य वाडे आणि घरे गेली. त्या काठाचे पूर्वीचे रूप शब्दांतून उभे करायचे असेल, तर या पानांना पर्याय नाही.

आकड्यांच्या बाबतीत मात्र सावध राहावे लागते. १८८१ च्या जनगणनेनुसार पुण्याची लोकसंख्या १,२९,७५१ होती असे कोणी लिहितो, तर ९९,६२२ होती असे दुसरा कोणी. दोन्ही आकडे बरोबर आहेत, कारण दुसरा फक्त नगरपालिकेच्या हद्दीचा आहे आणि पहिल्यात लष्कर, म्हणजे छावणीच्या, भागातील ३०,१२९ माणसे मिळवलेली आहेत. शहराच्या वाढीचा आलेख काढणाऱ्याने यापैकी कोणता आकडा घेतला हे न सांगितल्यास पुढच्या प्रत्येक जनगणनेशी केलेली तुलना फसते. लष्कर हा शहराचा भाग मानायचा की नाही हा पुण्याच्या अभ्यासातील मूलभूत प्रश्न आहे, आणि हद्द व आकडा नेहमी एकत्र वाचले तर त्या प्रश्नाची नीट मांडणी करायला हा ग्रंथ मदत करतो.

आता तळटिपांविषयी. दुसऱ्या भागातील जमीनमहसुलाचे प्रकरण लांबलचक आणि रुक्ष आहे, आणि शहराच्या अभ्यासकाला ते सोडून द्यावेसे वाटणे साहजिक आहे. पण त्याने ते सोडू नये असे मी आग्रहाने सांगेन. मराठा राज्य १८१८ मध्ये संपल्यावर कंपनी सरकारने केलेली पहिली व्यवस्था, प्रिंगल या अधिकाऱ्याने केलेली जमिनीची मोजणी आणि तिचे अपयश, १८३६ साली गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात केलेली जमाबंदी, म्हणजे महसुलाची आकारणी, हा सगळा प्रवास तेथे त्या त्या वेळच्या अधिकाऱ्यांच्या पत्रांवरून आणि अहवालांवरून सांगितलेला आहे. पानाच्या तळाशी मुंबई सरकारच्या महसूल खात्याच्या दफ्तराचा क्रमांक आणि साल दिलेले आढळते. हे क्रमांक आजही उपयोगी पडतात. मुंबईत काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीत महाराष्ट्र राज्याचे पुराभिलेखागार आहे. १८२१ मध्ये सुरू झालेल्या मुंबईच्या जुन्या रेकॉर्ड ऑफिसचा हा वारसा. महसूल खात्याचे जुने बांधीव खंड तेथे खाते, साल आणि क्रमांक यांप्रमाणे मागवावे लागतात. म्हणजे गॅझेटिअरच्या तळटिपेत दिलेले साल आणि क्रमांक हे त्या खंडाच्या मागणीपत्राची जवळजवळ पूर्ण तयारी करून देतात.

याचा फायदा किती मोठा आहे हे मूळ खंड उघडल्यावर कळते. गॅझेटिअरने ज्या अहवालातून दोन वाक्ये घेतली, त्या अहवालाच्या आधी आणि नंतर अनेकदा इतर पत्रव्यवहार असतो: खालच्या अधिकाऱ्याचे निवेदन, एखाद्या पाटलाची किंवा सावकाराची तक्रार, तिचा तर्जुमा म्हणजे भाषांतर, वरिष्ठांचा शेरा आणि शेवटी ठराव. संपादकाने निष्कर्ष घेतला आणि वाद गाळला. जागेची मर्यादा पाहता ते त्याला भागच होते. पण शहर आणि भोवतालचा प्रदेश यांचे नाते, म्हणजे धान्य कोठून येत होते, जकात कोण देत होते आणि कोण चुकवत होते, हे त्या गाळलेल्या वादातच सापडते. परदेशात राहून काम करणाऱ्या मराठी अभ्यासकांना हे सोयीचे ठरेल की, मुंबई सरकारच्या कामकाजाच्या नोंदींच्या प्रती लंडनला पाठवल्या जात असत आणि तो संग्रह आता ब्रिटिश लायब्ररीत आहे. तेथेही साल आणि खाते हाताशी असले की शोध पुष्कळ सोपा होतो.

पेशवाईतील शहराच्या बाबतीत मात्र हा ग्रंथ कमी पडतो, आणि ही उणीव दुय्यम नाही. इतिहासाच्या प्रकरणाचा मोठा भार ग्रँट डफ यांच्या मराठ्यांच्या इतिहासावरील ग्रंथावर आणि इंग्रज प्रवाशांच्या व वकिलांच्या (दरबारातील प्रतिनिधींच्या) लिखाणावर आहे. पेशव्यांचे दफ्तर तेव्हा पुण्यातच सरकारच्या ताब्यात होते, पण ते सर्वसामान्य अभ्यासकांना खुले नव्हते. त्यामुळे अठराव्या शतकातील पुणे या खंडात बाहेरून पाहिलेले दिसते. कोतवालीचा कारभार, घरांच्या नोंदी, पेठांतील बलुतेदार आणि व्यापारी, सरकारी कारखान्यांवरील खर्च हे आतून पाहायचे असेल, तर कौन्सिल हॉलजवळच्या पुणे पुरालेखागाराला, म्हणजेच पेशवे दफ्तराला, पर्याय नाही. तेथील कागद रुमालांत, म्हणजे कापडी गाठोड्यांत, बांधलेले आहेत, रुमालांची संख्या हजारांत आहे आणि लिपी मुख्यतः मोडी आहे. रोजकीर्दीत दरबारच्या रोजच्या जमाखर्चाच्या आणि हुकुमांच्या नोंदी मिळतात, तर घडणीच्या कागदांत त्याच नोंदी विषयवार किंवा खातेवार लावलेल्या असतात. म्हणून शहरावर काम करणाऱ्याने शक्यतो घडणीपासून सुरुवात करावी. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात या दफ्तरातून निवडलेले कागद ४५ खंडांत छापले. तो उपक्रम फार मोठा आहे आणि मोडी न येणाऱ्याला त्याचा मोठा आधार आहे. पण त्यातील निवडीचा भर राजकीय घडामोडींवर आहे, आणि एखाद्या पेठेचा किंवा बाजाराचा अभ्यास केवळ छापील खंडांवर होणार नाही. मोडी शिकणे ही या कामाची अट आहे, आणि थोड्या नेटाने ती पुरी करता येते.

लोकसंख्येच्या प्रकरणाविषयी मला गंभीर आक्षेप नोंदवायचा आहे. तेथे प्रत्येक जातीला स्वभावाची विशेषणे चिकटवलेली आहेत. कोणी काटकसरी, कोणी आळशी, कोणी भांडखोर. ही विशेषणे आजही गावांच्या आणि जातींच्या इतिहासांत जशीच्या तशी उतरवली जातात आणि त्यांना सरकारी ग्रंथाची प्रतिष्ठा लाभते. तसे करणे चूक आहे. तो पुरावा त्या लोकांविषयीचा नाही, माहिती देणाऱ्यांच्या आणि घेणाऱ्यांच्या दृष्टीविषयीचा आहे. याच प्रकरणात घरातील भांडी, कपडे, दागिने, लग्नाचा खर्च आणि मजुरी यांचे बारीक तपशील आहेत. ते मोलाचे आहेत आणि कारागिरांच्या वस्त्यांवर काम करणाऱ्याने जरूर घ्यावेत, पण दुसऱ्या साधनाशी पडताळून.

मराठी साधनांची जोड दिल्याशिवाय हे काम एकांगी राहते. गोविंद नारायण माडगावकर यांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ मध्ये आणि नारायण विष्णु जोशी यांचे ‘पुणे शहराचे वर्णन’ १८६८ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे दोन्ही शहरांवरील मराठी ग्रंथ सरकारी गॅझेटिअरच्या बरेच आधीचे आहेत. जोशी यांचे पुस्तक आणि गॅझेटिअरचा तिसरा भाग शेजारी ठेवून पेठ पेठ वाचत गेल्यास सतरा वर्षांत काय बदलले आणि कोणाच्या नजरेला काय महत्त्वाचे वाटले, या दोन्ही गोष्टी उलगडतात. अशी आणखी पुस्तके शोधण्यासाठी शंकर गणेश दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’ हे आजही पहिले साधन आहे. तिचा पहिला खंड १८०० ते १९३७ या काळातील पुस्तकांचा आहे आणि दुसरा १९३८ ते १९५० या काळातील. नोंदी विषयवार असल्यामुळे लेखकाचे नाव माहीत नसतानाही स्थलवर्णने, संस्थांचे इतिहास आणि प्रवासवर्णने हाती लागतात. एका माणसाने जवळजवळ स्वतःच्या बळावर हे काम उभे केले, याबद्दल त्यांचे ऋण मानावे तेवढे थोडेच आहे. पुण्यात काम करणाऱ्याला सदाशिव पेठेतील भारत इतिहास संशोधक मंडळाचा, १९१० मध्ये स्थापन झालेल्या संस्थेचा, कागदपत्रांचा आणि ग्रंथांचा संग्रहही जवळच आहे.

पडद्यावर गॅझेटिअर वाचताना काही व्यावहारिक अडचणी येतात. मूळ छपाईत दीर्घ ‘आ’ दाखवण्यासाठी रोमन अक्षरावर तिरकी रेघ दिलेली आहे. यंत्राने वाचून तयार केलेल्या मजकुरात ते अक्षर अनेकदा चुकीचे उमटते, त्यामुळे नाव बरोबर टंकूनही शोध रिकामा येतो. शिवाय नावांची रूपे जुनी आहेत. शनिवार तेथे ‘शनवार’ असा भेटतो. म्हणून शोधपट्टीवर विसंबण्यापेक्षा ग्रंथाच्या शेवटी असलेली छापील सूची पाहावी, आणि अनेक जिल्ह्यांत विखुरलेला विषय असेल तर संपूर्ण मालिकेची सर्वसाधारण सूची, म्हणजे १९०४ मध्ये एन्थोवेन यांनी तयार केलेला सत्ताविसावा खंड, घ्यावा. पानांच्या प्रतिमा घेताना घडीचे नकाशे अनेकदा न उलगडताच राहून जातात. नकाशा महत्त्वाचा असेल, तर ग्रंथालयातील छापील प्रत प्रत्यक्ष पाहणे भाग आहे.

जिल्ह्याच्या सीमांकडेही लक्ष ठेवावे. या खंडातील पुणे जिल्हा हा आजचा पुणे जिल्हा नाही. भोर हे तेव्हा वेगळे संस्थान होते आणि १९४८ मध्ये ते विलीन झाले. आजच्या भोर आणि वेल्हे भागांची माहिती या तीन भागांत अपेक्षित धरून शोधू नये. तालुक्यांची नावेही बदलली आहेत, आणि बारामती पाहायची असेल तर भीमथडी या तेव्हाच्या तालुक्याखाली शोधावे लागते. १९५४ मध्ये निघालेली सुधारित आवृत्ती पुढच्या काळासाठी उपयोगी आहे, पण १८८५ च्या खंडाऐवजी ती वापरता येत नाही. नव्याने काम सुरू करणाऱ्याने आधी तिसऱ्या भागातील पुणे शहराचे वर्णन उतरवून घ्यावे, मग दुसऱ्या भागातील जमीनमहसुलाच्या तळटिपांची साल आणि क्रमांकानुसार यादी करावी, आणि ती यादी सोबत घेऊनच पुराभिलेखागारात परवानगीचा अर्ज भरावा.