कोरडं डॉग फूड आणि कोकणातला पाऊस: उन्हाळ्यापासून दिवाळीपर्यंतच्या वापरानंतर

मध्यम किमतीचं, देशी बनावटीचं, प्रौढ कुत्र्यांसाठीचं चिकनचं कोरडं खाद्य, ३ किलोची पिशवी. खाणारा गावठी, खच्ची केलेला, वजन १५ किलो. निकाल आधीच सांगायचा तर माल बरा आहे. पण तोच माल एप्रिलमध्ये चांगला आणि जुलैमध्ये टाकून द्यायच्या लायकीचा निघू शकतो. पाकिटावरचे घटक कसे वाचायचे हे सगळेच सांगतात. आपल्याकडे त्याच्या जोडीला पोतं कुठे पडून होतं हेही विचारावं लागतं.

तरी आधी पाकीट. मागच्या बाजूला क्रमाने चिकन मील, तांदळाची कणी, मका, तांदळाचा कोंडा, कॉर्न ग्लुटेन (मक्यातलं प्रथिन), चिकन फॅट, बीट पल्प (साखर काढून उरलेला बीटाचा चोथा), मीठ, मग जीवनसत्त्वं-खनिजं, हळद आणि क्रॅनबेरी. हा क्रम शिजवण्याआधीच्या वजनाचा असतो. म्हणून पहिलं नाव ‘ताजं चिकन’ दिसलं तर हुरळून जाऊ नये. ताज्या मांसात ७० टक्क्यांच्या आसपास पाणी, ते उडालं की चिकन यादीत बरंच खाली घसरतं. चिकन मील आधीच वाळवलेलं असतं, ते पहिलं आहे ही इथली जमेची बाजू. मात्र तांदूळ कणी आणि कोंडा अशा दोन नावांनी आलाय, मका धान्य आणि ग्लुटेन अशा दोन नावांनी. बेरीज केली तर धान्यच वरचढ ठरेल. धान्य वाईट नाही, नीट शिजलेला स्टार्च कुत्र्याला पचतो. फक्त पैसे चिकनचे मोजतोय या भ्रमात राहू नये. आणि मिठाच्या पुढे जे काही लिहिलंय ते चिमूटभर समजावं, कारण कोरड्या खाद्यात मीठच साधारण एक टक्का किंवा त्याहून कमी असतं. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात मिरवणारी हळद आणि क्रॅनबेरी त्याच्याही मागे आहेत.

आकडे असे: प्रथिनं किमान २४, फॅट किमान १०, तंतू कमाल ५, ओलावा कमाल १० टक्के. दोन खाद्यांची तुलना करताना ओलावा वजा करूनच करावी. २४ भागिले ९०, म्हणजे पाणी वगळून २६.७ टक्के प्रथिनं. अमेरिकेतल्या आफकोच्या, म्हणजे पशुखाद्याचे निकष ठरवणाऱ्या संघटनेच्या, निकषात प्रौढ कुत्र्याला याच हिशेबाने किमान १८ आणि पिल्लाला २२.५ टक्के लागतात, तेव्हा इथे अडचण नाही. राख, म्हणजे खाद्य जाळल्यावर उरणारी खनिजं, छापलेली नाही. ती ८ धरली तर उरलेले ४३ टक्के कर्बोदकं. प्रथिनं आणि कर्बोदकांना ग्रॅममागे ३.५, फॅटला ८.५ कॅलरी धरून १०० ग्रॅमचे ३२० कॅलरी होतात. १५ किलोच्या खच्ची कुत्र्याला दिवसाला साधारण ८५० कॅलरी पुरतात, म्हणजे २६५ ग्रॅम. वाटीने मोजू नका, वजनकाटा वापरा. पाकिटावरचा रोज किती द्यायचं याचा तक्ता हात सैल सोडूनच छापलेला असतो. बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत, डोळ्यांना मोजता येऊ नयेत.

‘क्रूड प्रोटीन’ हा आकडा प्रथिनं मोजून काढलेला नसतो. नायट्रोजन मोजून त्याला ६.२५ ने गुणतात. ही फट वापरून गव्हाच्या ग्लुटेनमध्ये मेलामाइन हे भरपूर नायट्रोजन असलेलं रसायन मिसळलं गेलं आणि २००७ मध्ये अमेरिकेत कुत्री-मांजरं मूत्रपिंडं निकामी होऊन मेली. आपल्याकडे अन्न सुरक्षा कायद्यातली अन्नाची व्याख्या पशुखाद्याला वगळते, त्यामुळे माणसांच्या बिस्किटाला लागणारी तपासणी कुत्र्याच्या बिस्किटाला लागत नाही. म्हणून निदान निर्मात्याचा पूर्ण पत्ता, बॅच नंबर आणि उत्पादनाचा महिना नसेल तर ते पाकीट दुकानातच ठेवावं.

सुटं तर घेऊच नये. तालुक्याच्या बाजारात २० किलोचं पोतं फोडून पारदर्शक पिशव्यांत किलो-किलो विकतात. त्यात बॅच नंबर गेला, तारीख गेली, वर उजेड आणि हवा लागली ती वेगळीच. शिवलेल्या तोंडाचं विणलेलं पोतं हवाबंद नसतंच. पावसाच्या हवेत दाणे ओलावा ओढतात. १० टक्क्यांचे १२-१३ झाले की बुरशीला मोकळं रान मिळतं.

ताजा दाणा नखाने दाबला तर कट् करून तुटतो आणि तुटलेल्या जागी कोरडा भुगा दिसतो. ओलावा ओढलेला दाणा आधी दबतो, मग तुटतो. वास दुसरी खूण: जुन्या खोबऱ्यासारखा खवट वास आला की फॅट गेलं. माशाच्या तेलाचा दाणा चिकनपेक्षा लवकर खवट होतो. समुद्रकाठी राहतो म्हणून फिश फ्लेवर घ्यायचा मोह होतो, तो निदान पावसाळ्यात टाळावा. तिसरी खूण पिशवीच्या तळाशी. तिथला भुगा काळ्या कागदावर ओतून पाच मिनिटं थांबा. भुगा जागचा हलला तर माइट्स, म्हणजे डोळ्यांना जेमतेम दिसणारे किडे, आहेत. एकाएकी खाज सुटलेल्या कुत्र्याच्या बाबतीत हे हमखास बघावं.

खरी भीती अफ्लाटॉक्सिनची. मक्यावर वाढणाऱ्या बुरशीचं हे विष दिसत नाही, वास देत नाही आणि शिजवून पुरतं जात नाही. अमेरिकेत मर्यादा किलोला २० मायक्रोग्रॅम आहे. तरी २०२० च्या डिसेंबरात तिथे मक्याचं खाद्य परत मागवावं लागलं आणि कुत्री दगावली. लक्षणं म्हणजे अन्नावरची वासना उडणं, उलट्या, पिवळ्या हिरड्या, गडद लघवी. पावसाळ्यात लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) आणि गोचिडतापातही हेच दिसतं, त्यामुळे डॉक्टरांना खाद्याची बॅच आणि पिशवी कधी फोडली ते आपणहून सांगावं. थोडे दाणे मूळ पिशवीसकट बंद करून फ्रीझरमध्ये ठेवावेत, तपासायची वेळ आली तर तेवढाच पुरावा हाती असतो. तक्रारीसाठी ग्राहक हेल्पलाइन १९१५.

साठवण्याबद्दल. आगोटीच्या, म्हणजे पावसाआधी भरून ठेवायच्या, सामानात तांदूळ-मिठाबरोबर कुत्र्याचं २० किलोचं पोतंही भरून ठेवायची आपली सवय आहे, ती इथे नडते. जून ते सप्टेंबर ३ किलोचीच पिशवी घ्यावी. वरच्या हिशेबाने ती अकरा-बारा दिवसांत संपते. पिशवी तशीच्या तशी घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी, दाणे डब्यात ओतू नयेत. ओतले तर डब्याच्या आतल्या अंगाला फॅटचा थर बसतो आणि नवा माल जुन्याच्या खवटपणाने नासतो. डबा फळीवर, जांभ्याच्या ओल्या भिंतीपासून वीतभर लांब. फ्रिजमध्ये आत-बाहेर केलं तर पिशवीत दव धरतं. आणि मऊ पडलेले दाणे वाळवणासारखे उन्हात घालू नयेत. कुरकुरीत होतील, पण उन्हाने फॅट अजून खवट होतं आणि धरलेली बुरशी जात नाही.

निकालाबद्दल थोडं. जुन्या खाद्यात मिसळत आठ-दहा दिवसांत बदल केला. शी बांधीव, उचलली तर जमिनीवर डाग न राहणारी, पण प्रमाणाने जरा जास्त. कोंडा आणि बीट पल्पचा तो परिणाम. केसांच्या तुकतुकीवरून पावसाळ्यात खाद्याला नावं ठेवू नयेत आणि शाबासकीही देऊ नये. दमट हवेत कातडीवर बुरशी येते ती कुठल्याही पाकिटाने थांबत नाही. दाणे गरम पाण्यात भिजवले तेव्हा पाणी फिकट तपकिरी झालं, लाल-हिरवा रंग सुटला नाही.

भातावर मूठभर दाणे टाकून ‘बॅलन्स्ड’ होत नाही. मूठभर दाण्यातली जीवनसत्त्वं-खनिजं मूठभरच. वरून काही द्यायचंच तर दिवसाच्या कॅलरीच्या दहाव्या हिश्शात बसवावं: ५० ग्रॅम उकडलेला बांगडा, काटे काढून, बिनमिठाचा. खारवलेली सुकी मासळी नको.

पुन्हा घेणार, पण उत्पादनाला तीन महिन्यांहून जास्त झालेली पिशवी नाही. पिल्लांसाठी हे घेऊ नये. पाकिटावर कॅल्शियम आणि फॉस्फरसचे आकडेच दिलेले नाहीत, आणि मोठ्या जातीच्या पिल्लाला जास्तीचं कॅल्शियम हाडांत बाधतं.